नॅनो केमो: औषध नेमकं कुठे जातं आणि कुठे जात नाही

ओंजळ

गेल्या महिन्याभरात दोन वेगवेगळ्या लोकांनी मला फोन करून एकच गोष्ट विचारली. नॅनोवाली केमो घेतली की औषध थेट कॅन्सरच्या पेशींवर जाऊन बसतं आणि बाकी शरीराला काहीच होत नाही असं ऐकलंय, ते खरं आहे का? मी बरीच वर्षं लिपोसोमच्या, म्हणजे औषध भरायच्या चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांच्या, फॉर्म्युलेशनवर काम करते म्हणून मला विचारलं. दोघांच्याही घरी पेशंट आहे. फोनवर जे सांगितलं ते घाईघाईत सांगितलं आणि नंतर सारखं वाटत राहिलं की नीट सांगायला हवं होतं, म्हणून हा धागा. मी डॉक्टर नाहीये, त्यामुळे उपचार कुठला घ्यायचा हे यातून ठरवू नका, ते तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टशीच बोला.

सुरुवात साध्या केमोपासून करते, कारण अडचण काय होती ते कळल्याशिवाय नॅनोचा खटाटोप कळत नाही. डॉक्सोरुबिसिन हे जुनं आणि जबरदस्त औषध, लालभडक रंगाचं. शिरेतून दिलं की काही मिनिटांतच रक्तातून निघून अंगभर पसरतं. गाठीत जातं, तसंच केसांच्या मुळांत, तोंडाच्या आतल्या अस्तरात, बोन मॅरोमध्ये आणि हृदयाच्या स्नायूतही जातं. केस परत येतात, तोंड बरं होतं, पण हृदयाचं तसं नाही, तिथली इजा साठत जाते. म्हणून एका माणसाला आयुष्यभरात मिळून किती द्यायचं याला मर्यादा असते, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम. म्हणजे औषध गाठीवर चालतंय आणि तरीही थांबवावं लागतंय अशी वेळ येते.

आता लिपोसोम. १९६० च्या दशकात ॲलेक बँगहॅम या ब्रिटिश संशोधकाच्या लक्षात आलं की पेशीच्या आवरणात असतात ते फॉस्फोलिपिड पाण्यात टाकले की आपोआप बंद गोळ्या तयार होतात, बाहेर चरबीची दुपदरी भिंत आणि आत पाणी. लॅबमध्ये हे बघायला मला अजूनही आवडतं. फ्लास्कच्या आतल्या बाजूला लिपिडचा पातळ पापुद्रा धरलेला असतो, त्यात कोमट द्रावण घालून फिरवलं की दुधासारखं पांढरं पाणी होतं. त्यात लहानमोठ्या सगळ्या मापाच्या गोळ्या असतात. मग ते १०० नॅनोमीटरची (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) छिद्रं असलेल्या पडद्यातून दाब देऊन पुन्हा पुन्हा ढकलायचं. प्रत्येक फेरीला दुधाळपणा कमी होत जातो आणि शेवटी हातात येतं ते जवळजवळ पारदर्शक, उजेडात धरलं की किंचित निळसर दिसणारं पाणी. ती निळी झाक दिसली की समजायचं, माप जमलं.

पण गोळी, म्हणजे औषधाचं पाकीट, तयार झालं म्हणजे औषध आत गेलं असं होत नाही. यासाठी जी युक्ती आहे ती मला या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. पाकीट बनवतानाच आत अमोनियम सल्फेट भरून ठेवायचं आणि बाहेरचं काढून टाकायचं. मग बाहेर डॉक्सोरुबिसिन टाकून गरम करायचं. विद्युतभार नसलेला औषधाचा रेणू भिंतीतून आत शिरतो, आत गेल्यावर त्याला भार येतो आणि मग त्याला भिंत ओलांडता येत नाही, वर सल्फेटशी मिळून त्याचे आतल्या आत स्फटिक होतात, आणि अमोनिया मात्र बाहेर निसटत राहतो त्यामुळे हे चालूच राहतं. एकेका पाकिटात असे १० ते १५ हजार रेणू कोंबले जातात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली गोल पाकिटात लांबट काडी अडकल्यासारखी दिसते, ती म्हणजे औषधाचा स्फटिक.

तिसरी पायरी, वरून पेगचं आवरण. पेग म्हणजे पाणी धरून ठेवणारी लवचिक साखळी. हे आवरण नसेल तर रक्तातली प्रथिनं पाकिटाला चिकटतात आणि लिव्हरमधल्या सफाई करणाऱ्या पेशी ते लगेच गिळून टाकतात. आवरण असलं की पाकीट दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहतं. या तीन गोष्टी जुळवून जे औषध झालं ते डॉक्सिल. इस्रायलमधल्या बारेनहोल्झ आणि गॅबिझॉन यांच्या कामातून आलं, अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं आणि तिथलं पहिलं मंजूर नॅनो-औषध म्हणून त्याचंच नाव घेतात. आधी कपोसी सार्कोमा या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या कॅन्सरसाठी, मग १९९९ मध्ये ओव्हरीच्या कॅन्सरसाठी.

आता मूळ प्रश्न, हे पाकीट गाठ शोधतं का? नाही शोधत. त्याला गाठ कुठे आहे काही माहीत नसतं, ते फक्त फिरतं. १९८६ मध्ये जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईत वाढल्यामुळे गळक्या असतात आणि गाठीतून कचरा वाहून नेणारी लसीका व्यवस्था नीट चालत नाही, त्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपतात आणि साठून राहतात. याला ईपीआर इफेक्ट म्हणतात. हृदयातल्या रक्तवाहिन्या मात्र घट्ट विणीच्या, तिथून १०० नॅनोमीटरचं पाकीट सहज बाहेर पडत नाही. माझ्या मते आजवरच्या नॅनो-औषधांचा खरा फायदा या दुसऱ्या वाक्यात आहे. गाठीत जास्त गेलं यापेक्षा हृदयात कमी गेलं, हा. जाहिराती आणि बातम्या नेमक्या पहिल्याच वाक्यावर थांबतात.

रानवाट

खूप छान लिहिलंय, वाचनखूण साठवली. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, एक बेसिक शंका. १०० च का? आणखी लहान केलं तर अजून सहज आत शिरणार नाही का, १० किंवा ५?

ओंजळ

रानवाट, चांगला प्रश्न. आधी मापाचा अंदाज घे. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड, लाल रक्तपेशी सुमारे ७ हजार. तिच्या शेजारी १०० चं पाकीट म्हणजे मोठ्या परातीशेजारी मोहरीपेक्षा थोडा मोठा दाणा. आता लहान करत गेलो आणि साधारण ६ नॅनोमीटरच्या खाली गेलो की किडनी त्याला गाळून लघवीवाटे बाहेर टाकते, गाठीपर्यंत फिरायला वेळच मिळत नाही. उलट २०० च्या वर गेलं की प्लीहा अडवते. त्यामुळे मधला पट्टा वापरायचा. शिवाय पाकीट लहान केलं की आतली जागा फार झपाट्याने कमी होते, व्यास निम्मा केला तर आकारमान आठवा हिस्सा होतं, मग औषध मावायचं कुठे? म्हणजे शिरण्यासाठी लहान हवं आणि वाहून नेण्यासाठी मोठं हवं, ही ओढाताण कायमची आहे.

कडुनिंब

धागा माहितीपूर्ण आहे पण एक आकडा यायला हवा होता, तो मी देतो कारण माझी पीएचडी याच भागात झाली. २०१६ मध्ये टोरंटोच्या वॉरेन चान यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग गोळा करून हिशोब मांडला, टोचलेल्या डोसपैकी गाठीत किती पोचतं. मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावले तर मधला, निघाला ०.७ टक्के. शंभरातला एकही पुरता नाही. बाकीचं बहुतेक लिव्हर आणि प्लीहेत. त्यानंतर २०१८ मध्ये त्यांनीच अजून बारकाईने पाहिलं, कारण गाठीत पोचणं वेगळं आणि कॅन्सरच्या पेशीत पोचणं वेगळं, तर दहा लाख कणांपैकी १४ सुद्धा कॅन्सरच्या पेशींपर्यंत गेले नव्हते, आणि हे कण असे होते की ज्यांच्यावर पेशी ओळखणारा रेणू मुद्दाम लावलेला होता. बाकीचे आजूबाजूच्या जाळीत अडकले नाहीतर गाठीतल्या मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशींनी गिळले.

आणि २०२० मध्ये ईपीआरच्या मुळालाच हात घातला. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या फटींमधून कण झिरपतात हे आपण ३०-३५ वर्षं शिकवत आलो, त्यांना दिसलं की ९७ टक्क्यांपर्यंत कण फटींतून जातच नाहीत, भिंतीच्या पेशी स्वतः त्यांना उचलून पलीकडे सोडतात. मी हे वाचलं तेव्हा माझ्या थिसिसचं प्रास्ताविक नव्याने लिहायला बसलो होतो, झोप उडाली होती अक्षरशः.

अजून एक, उंदीर. उंदरात आपण गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढवतो, ती त्याच्या वजनाच्या मानाने प्रचंड असते आणि तिच्या रक्तवाहिन्या साहजिकच गळक्या. माणसात गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, आणि एकाच पेशंटच्या दोन गाठी सुद्धा सारख्या गळत नाहीत. उंदरात बरं झालेलं माणसात का चालत नाही याचं अर्धं उत्तर इथे आहे.

ओंजळ

कडुनिंब, मनापासून धन्यवाद, मूळ लेखात हे घ्यायलाच हवं होतं. एकच भर घालते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मग हे सगळं फुकटच. साधं औषध दिलं तरी त्याचाही अगदी थोडाच भाग गाठीत जातो, त्यामुळे ०.७ ची तुलना १०० शी करून चालत नाही. आणि पेशंटमध्ये काय दिसलं ते बघा. पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या ५०९ स्त्रियांमध्ये साधं डॉक्सोरुबिसिन आणि पेगवालं लिपोसोमल समोरासमोर तपासलं होतं, २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ साध्यात ७.८ महिने, लिपोसोमलमध्ये ६.९, म्हणजे कॅन्सरवरचा परिणाम जवळपास बरोबरीचा. पण हृदयाला इजा होण्याचा धोका साध्या औषधात सुमारे तिप्पट. मी वर म्हटलं ते हेच. पाकिटाने कॅन्सरला जास्त मारलं नाही, हृदय वाचवलं. ज्या बाईला आधीच हृदयाचा त्रास आहे किंवा जिची साध्या औषधाची मर्यादा संपत आलीय तिच्यासाठी हे फार फार मोठं आहे.

मोकळी_ओळ

मी इथे फक्त वाचत असते, आज लिहितेय. माझ्या आईला ओव्हरीचा कॅन्सर आहे, परत आला, आणि आता हेच लिपोसोमल औषध चालू आहे, तीन डोस झाले. केस गेले नाहीत, उलट्या अगदी कमी, इको नॉर्मल. पहिल्या डोसनंतर आम्हाला वाटलं सुटलो. दुसऱ्यानंतर तिचे तळहात लाल व्हायला लागले, आधी नुसतं गरम वाटायचं, मग बोटांच्या पेरांवर आणि अंगठ्याच्या खाली कातडी ताठ झाली आणि सोलायला लागली. तळपाय पण. जिथे चपलेचा पट्टा लागतो तिथे अगदी पट्ट्याच्या आकाराची लाल रेघ. परवा बाटलीचं झाकण उघडायला गेली आणि उघडता येईना, तशीच हातात धरून बसून राहिली, मला हाक पण मारली नाही. मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं की हातांना असं होतं. सगळे म्हणत होते ही नवी केमो आहे, साइड इफेक्ट नसतात. हातांनाच का होतं हे?

ओंजळ

मोकळी_ओळ, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात, आणि ओव्हरीच्या कॅन्सरसाठी हे औषध घेणाऱ्या साधारण निम्म्या पेशंटना कमी-जास्त प्रमाणात होतं. म्हणजे आईच्या बाबतीत काही वेगळं किंवा चुकीचं घडलेलं नाही. कारण तेच, पाकीट दिवसेंदिवस रक्तात फिरतं. ज्या गुणामुळे हृदय वाचतं त्याच गुणामुळे ते हळूहळू त्वचेपर्यंत पोचतं. तळहात-तळपायांना बारीक रक्तवाहिन्या भरपूर, घामाच्या ग्रंथी भरपूर, आणि सतत दाब आणि घासणं, त्यामुळे तिथे जास्त उतरतं. चपलेच्या पट्ट्याची रेघ तुम्ही अगदी बरोबर टिपलीत, दाब पडतो तिथेच होतं.

पण कातडी सोलायला लागलीय म्हणजे पुढच्या डोसची तारीख येईपर्यंत थांबू नका, उद्याच फोन करून सांगा. या औषधात डोस पुढे ढकलणं किंवा कमी करणं ही नेहमीची ठरलेली पद्धत आहे, सांगितलं म्हणून कोणी उपचार बंद करत नाही. बरेच पेशंट याच भीतीने सांगत नाहीत.

सकाळपाळी

मी केमो डे-केअरमध्ये नर्स आहे. मोकळी_ओळ, आईला सांग सैल मोजे, मऊ सोल, गरम पाण्यात हात घालायचे नाहीत, भांडी घासणं-कपडे पिळणं बंद, साधं मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावायचं, चोळायचं नाही. डोसच्या आधी-नंतरचे चार-पाच दिवस जास्त जपायचे. आणि फोटो काढून ठेव, ओपीडीत जाईपर्यंत लाली कमी झालेली असते आणि मग डॉक्टरांना आधी किती होतं ते दिसत नाही.

नॅनो औषधांबद्दल आमच्या बाजूने दोन-तीन गोष्टी सांगते, कारण या कुठे लिहिलेल्या दिसत नाहीत. पहिली, पहिला डोस आम्ही अगदी हळू सुरू करतो, मिनिटाला १ मिलिग्रॅम, आणि शेजारी उभं राहतो. काही पेशंटना पहिल्या काही मिनिटांतच चेहरा लाल होणं, छाती आवळणं, पाठ दुखणं असं होतं. ड्रिप थांबवली की बहुतेकांचं उतरतं आणि मग अजून हळू चालू करता येतं. दुसरी, हे नॉर्मल सलाईनमध्ये मिसळत नाही, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, साधं आणि लिपोसोमल ही दोन वेगळी औषधं आहेत. नाव जवळजवळ सारखं, रंग लालच, पण डोस वेगळा, अंतर वेगळं. एकाऐवजी दुसरं देणं म्हणजे गंभीर चूक. आम्ही दोघी मिळून लेबल मोठ्याने वाचतो, रोज, प्रत्येक वेळी. पेशंटच्या घरच्यांनी विचारलं ना, की आज कुठलं देताय, तर मला मुळीच राग येत नाही, उलट बरं वाटतं. विचारत जा.

आणि एक चांगली गोष्ट पण सांगते. पॅक्लिटॅक्सेल हे औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून ते क्रेमोफोर नावाच्या तेलकट द्रवात येतं आणि त्या द्रवाचीच ॲलर्जी येते, म्हणून आधी स्टेरॉइड, अँटिहिस्टामिन, मग तीन तासांची ड्रिप. अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनात बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल आलं २००५ मध्ये, कण साधारण १३० नॅनोमीटरचे, त्याला तो द्रव लागत नाही, ३० मिनिटांत संपतं. ज्या पेशंटने आधी तीन तासवालं घेतलंय तो अर्ध्या तासात उठताना दोनदा विचारतो, झालं? एवढंच?

साधा_वाचक

सगळे प्रतिसाद वाचले, बरंच नवीन कळलं. माझा प्रश्न शीर्षकातल्या विषयाचाच आहे. पाकीट नुसतं फिरतं म्हणता, मग त्याच्यावर पत्ता का लिहीत नाहीत? म्हणजे कॅन्सरच्या पेशीवर जे रिसेप्टर (ठरावीक रेणू चिकटायच्या जागा) जास्त असतात त्यांना चिकटणारी अँटिबॉडी वगैरे पाकिटाच्या वर लावायची. कडुनिंब यांनी लिहिलं की लावूनही १४ च पोचले, पण का?

कडुनिंब

कारण पत्ता लिहिला तरी पत्र घरापर्यंत रक्तच नेणार. चिकटणारा रेणू कामाला येतो तो पेशी हाताच्या अंतरावर आली की, त्याआधीचा सगळा प्रवास तसाच. उलट नुकसानही होतं. रक्तात गेल्या गेल्या कणावर प्रथिनांचा थर बसतो, त्याला प्रोटीन कोरोना म्हणतात, त्याखाली तुमचा पत्ता झाकला जातो. पेगच्या वर काही लावलं की लिव्हर जास्त लवकर ओळखते. आणि समजा पोचलाच, तर रक्तवाहिनीला लागून असलेल्या पहिल्याच पेशींना घट्ट चिकटतो आणि गाठीच्या आत खोलवर जातच नाही.

प्रयत्न मोठे झालेत. २०१० मध्ये मार्क डेव्हिस यांच्या गटाने ट्रान्सफेरिन हे रक्तातलं प्रथिन लावलेल्या कणांतून एसआय-आरएनए, म्हणजे ठरावीक जीन बंद करणारा आरएनएचा छोटा तुकडा, पेशंटना दिलं आणि मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या गाठीतून तुकडा काढून दाखवलं की कण पेशीत पोचलेत आणि नेमका तो जीन बंद करताहेत. माणसात हे पहिल्यांदा दिसलं, तो पेपर मी कितीदा वाचला असेन. पण पुढे औषध झालं नाही. प्रोस्टेटच्या पेशीवरच्या पीएसएमए या प्रथिनाला चिकटणारे डोसेटॅक्सेल या केमो औषधाचे कण, बिंड-०१४, त्यांची खूप हवा होती, निकाल अपेक्षेइतके आले नाहीत आणि ती कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. गाठ गरम केली की उघडणारं लिपोसोम, थर्मोडॉक्स, लिव्हरच्या कॅन्सरमध्ये फेज ३ पर्यंत, म्हणजे मंजुरीआधीच्या मोठ्या चाचणीपर्यंत, गेलं, २०१३ मध्ये मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. कल्पना वाईट नव्हत्या यातली एकही.

ओंजळ

यात एक भर. पत्ता लिहून पाठवणं खरोखर जमलंय ते अँटिबॉडी-ड्रग कॉन्जुगेटमध्ये. तिथे पाकीटच नाही, अँटिबॉडीलाच औषधाचे मोजके रेणू बांधलेले. आकार १० नॅनोमीटरच्या आसपास, त्यामुळे गाठीत खोलवर शिरतं. हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या) ब्रेस्ट कॅन्सरसाठी टी-डीएम१ २०१३ मध्ये आलं, त्यात एका अँटिबॉडीवर सरासरी साडेतीन रेणू. २०१९ मध्ये ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकन आलं, त्यात जवळपास ८, आणि त्यातलं औषध पेशीत सुटल्यावर शेजारच्या पेशींमध्येही झिरपतं, म्हणून शेजारी कमी हर-टू असलेली पेशी असेल तरी ती सुटत नाही. काही जण याला नॅनो म्हणतात काही नाही, मला त्या वादात रस नाही. कुठे लिपोसोममध्ये १० हजार रेणू आणि कुठे इथे ८, पण औषधच इतकं जहाल निवडलेलं असतं की ८ पुरतात. अर्थात यालाही साइड इफेक्ट आहेत, डेरक्स्टेकनमध्ये फुप्फुसाला सूज येऊ शकते, त्यामुळे नवा खोकला किंवा दम लागणं लगेच सांगायचं असतं.

पाऊलखुणा

एक विचारायचं होतं, थोडं वेगळं आहे. माझ्या काकांना पॅन्क्रियाजचा कॅन्सर. कुणीतरी त्यांना नॅनो गोल्डचे थेंब दिले, जिभेखाली घ्यायचे, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ, त्यात सोन्याचे कण कॅन्सरच्या पेशीत जाऊन तिला जाळताना दाखवलेत, ॲनिमेशन एकदम भारी. काकांनी केमोचे दोन डोस सोडले. घरी बोललो तर मोठ्या काकू म्हणाल्या तू काय डॉक्टर आहेस का. काय सांगू त्यांना?

ओंजळ

पाऊलखुणा, वाचून पोटात गोळा आला. आधी हे करा, काकांना किंवा काकूंना घेऊन त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टकडे जा आणि थेंबांची बाटली सोबत न्या. लपवू नका. डॉक्टर रागावतील या भीतीने लोक सांगत नाहीत आणि मग डोस सुटत जातात.

काकूंना सांगायचं असेल तर वाद न घालता एवढं सांगा. सोन्याच्या कणांवर खरं संशोधन चालू आहे. पण त्यात कण गाठीत पोचवून मग बाहेरून लेसरचा प्रकाश टाकावा लागतो, कण तो शोषून तापतात आणि आजूबाजूची पेशी मरते. प्रकाश नाही तर तापणं नाही. जिभेखालच्या थेंबावर लेसर कोण टाकतंय? आणि या धाग्यात आम्ही ज्या मंजूर औषधांची नावं घेतली त्यातलं प्रत्येक शिरेतून, हॉस्पिटलमध्ये, नर्सच्या देखरेखीखाली द्यायचं आहे, एकही घरी थेंबाने घ्यायचं नाही.

आणि नॅनोच हवं असेल तर पॅन्क्रियाजच्या कॅन्सरला ते खरोखर आहे हे त्यांना सांगा. अल्ब्युमिनवालं पॅक्लिटॅक्सेल जेमसिटाबिन या केमो औषधाबरोबर २०१३ मध्ये मंजूर झालं, त्या ट्रायलमध्ये मध्यक आयुष्य ६.७ वरून ८.५ महिने झालं. जेमसिटाबिननंतर देण्यासाठी लिपोसोमल आयरिनोटेकन २०१५ मध्ये आलं, ४.२ चे ६.१ महिने. हे आकडे लहान आहेत, मला माहितीय, लिहिताना हात जड होतो. पण ते शेकडो पेशंटमध्ये मोजून मिळालेले आहेत. काकांना कदाचित यातलंच काही चालू असेल आणि त्यांनी तेच सोडलं असेल, विचारा.

सकाळपाळी

+१. आणि पाऊलखुणा, दोन डोस सुटले म्हणजे सगळं संपलं असं अजिबात नाही. घेऊन या त्यांना.

रानवाट

ब्लड कॅन्सरमध्ये तर गाठच नसते ना, मग तिथे पाकिटाचा काय उपयोग?

ओंजळ

रानवाट, इथे पाकिटाचं काम वेगळंच आहे आणि मला ते फार आवडतं. एएमएल या ल्युकेमियात सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन ही दोन औषधं वर्षानुवर्षं एकत्र देतात. प्रयोगशाळेत दिसलं की ५ रेणू सायटाराबिनला १ रेणू डॉनोरुबिसिन या प्रमाणात ती एकमेकांना सगळ्यात जास्त मदत करतात. पण वेगवेगळी टोचली तर शरीर दोघांना वेगवेगळ्या वेगाने काढून टाकतं, प्रमाण लगेच बिघडतं. मग दोन्ही एकाच लिपोसोममध्ये ५ ला १ अशी कोंडली. बोन मॅरोपर्यंत ती जोडी तशीच पोचते. व्हिक्सिओस नाव आहे, २०१७ मध्ये मंजूर झालं. ज्येष्ठ, जास्त धोका असलेल्या पेशंटमध्ये मध्यक आयुष्य जवळपास ६ महिन्यांवरून साडेनऊ महिन्यांवर गेलं. औषधं तीच दोन जुनी, नव्याने काहीच शोधलं नाही, फक्त दोघांना वाटेत वेगळं होऊ दिलं नाही.

मोकळी_ओळ

सांगायला आले. दुसऱ्याच दिवशी फोन केला, त्यांनी फोटो मागवले आणि चौथा डोस दोन आठवडे पुढे ढकलला, आता थोडा कमी करून देणार आहेत. आईला वाटत होतं सांगितलं तर औषध बंद करतील, म्हणून ती हात पदराखाली ठेवायची, हे मला तेव्हा कळलं. जुनी कातडी निघाली, खाली गुलाबी नवी आलीय, अजून पातळ आहे. सकाळपाळी, पुढच्या डोसच्या वेळी थंड पॅक धरायला देतात असं एकीने सांगितलं, ते चालतं का?

सकाळपाळी

चालतं, आमच्याकडे काही पेशंटना ड्रिप चालू असताना मनगटाला आणि घोट्याला थंड पॅक देतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथे औषध कमी उतरतं असा विचार आहे. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही, मध्ये कापड हवं, आणि तिची कातडी आत्ता पातळ आहे म्हणून तिथल्या सिस्टरना आधी दाखव. मधुमेह किंवा बोटांना मुंग्या असतील तर ते पण सांग.

रानवाट

धागा संपूच नये असं वाटतंय. ओंजळ, एमआरएनए लशीतले लिपिड कण पण याच घराण्यातले ना? कॅन्सरसाठी त्यांचं काय चाललंय त्यावर वेगळा धागा काढाल का? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

ओंजळ

काढते. घराणं तेच, पण त्यात आत पाण्याची पोकळी नसते, लिपिड आणि आरएनए एकमेकांत गुंतलेले असतात, आणि ते शिरेतून दिले की मुख्यतः लिव्हरकडेच जातात. ते लिव्हरकडेच का जातात आणि तिथून वळवायला लोक काय काय करताहेत, तिथूनच सुरुवात करेन. कडुनिंब, तुमची मदत लागेल.

कडुनिंब

नक्की. शनिवारपर्यंत माझ्या नोट्स पाठवतो.